साडेपाच

जेवणाच्या टेबलावर परवाचा पेपर पसरला,
त्यावर रायफल आडवी.
आधी उघडून पाहिली, आत काही नाही ना,
मग पुन्हा पाहिली.
वडिलांची शिकवण: बघितलेलंसुद्धा बघायचं,
उतू जाणाऱ्या दुधासारखं.

बाळाराम दारात उभा.
"भाकऱ्या निवल्या. आणि ते खोबरेल तर नाही ना?"
नाही, म्हटलं, शिवणयंत्राचं आहे.
तो तरी उभाच.

साडेचारची नळी कुरकुरत निघाली,
तीस वर्षं एका खुर्चीत बसलेलं माणूस
पाहुण्यांसाठी उठावं तशी.

ही रायफल मोबदल्याच्या पैशातली.
त्या वर्षी घणसोलीत राजदूत आल्या, येझदी आल्या,
सावळाकाकाकडे रंगीत टीव्ही, त्यावर क्रोशाची झालर.
वडील ठाण्याला जाऊन ही घेऊन आले.
पाखरं हाकायला, म्हणाले.
"शेत गेलं, आता पाखरं कुठली?" आईनं विचारलं.
त्यांनी आठवडाभर उत्तर शोधलं,
मग मला ओटीवर उभं केलं
आणि शेवग्याला टांगलेलं डब्याचं झाकण दाखवलं.

झाकण, मग कागद, मग जिल्हा,
मग पुण्याला एकदा चौथी.
चौथी म्हणजे तिसरीला टाळ्या वाजवणारी.
मग लग्न, मग मणका, मग माळा.

नवी नळी भाच्यानं आणली, साडेपाचची.
खोक्यावर लिहिलंय, घरच्या घरी बदला, अगदी सोपं.
लिहिणाऱ्याला चाळिशीचा चष्मा नसावा.
रबराची बारीक चकती चिमटीतून सुटली
आणि थेट फ्रिजखाली.
झाडूनं ओढली तर आधी आली चण्याची डाळ,
एक क्लिप, नातवाच्या गाडीचं चाक
(त्यासाठी तो दिवाळीत दोन दिवस रडला होता),
चकती सगळ्यात शेवटी.
फुंकर मारली, बसवली, आवळली.
दंडा जुनाच. गाल टेकतो तिथलं पॉलिश उडालेलं.
तो गाल आता इतका भरलाय
की त्या जागेत मावत नाही.

जुन्या डबीत सात छर्रे उरलेले,
शिसं पांढरं पडलेलं.
सवयीनं एक नव्या नळीत सोडला.
तो थांबलाच नाही.
कुठे घासला नाही, अडला नाही,
खालच्या तळहातात टप् पडला.
एक मिलिमीटर जास्तीची जागा फक्त,
आणि आतल्या आट्यांना कळलंसुद्धा नाही
की कोणी येऊन गेलं.

पुन्हा सोडला. मग दुसरा. मग तिसरा.
"काय चाललंय?" बाळाराम जवळ आला.
काही न सांगता मी नळी उभी धरली.
त्यानं ओंजळ केली खाली,
तीर्थ घ्यावं तशी.
साती छर्रे त्याला दिले, एकेक.

नवा छर्रा जाड. तो असा पडत नाही,
अंगठ्यानं दाबावा लागतो.
जड आहे, सावकाश जाईल, भाचा म्हणाला होता,
आणि माझ्याकडे बघून गप्प झाला होता.
माशी तीच आहे, पण तिचं आता ऐकायचं नाही.
रविवारी क्लबात पहिले दहा-वीस खाली लागतील.
मग खालचं वर आणायचं, हळूहळू,
एका वेळी एक टिचकी.

खिडकीसमोर टॉवर आहे.
त्याच्या पार्किंगच्या दुसऱ्या रांगेत
आमचा खाजणाकडचा बांध होता, अंदाजे.
चौदाव्या मजल्यावर कबुतरांसाठी जाळी लावलीय.
कबुतरं जाळीवर बसतात.
त्यांना हाकायला कोणी नाही.

जुनी नळी परकराच्या चिंधीत गुंडाळली,
माळ्यावर न टाकता शिवणयंत्राच्या खणात ठेवली.
पेपर उचलला, टेबल पुसलं तरी
भाकरीला तेलाचा वास येत होता.
बाळारामला आला असणार.
त्यानं चटणी पुढे सरकवली.
मी दोन खाल्ल्या,
आणि तिसरीतली अर्धी.